हेमंत करकरे : पुराव्यामागे जाणारा अधिकारी

धामणगाव बढे (जि. बुलडाणा), प्रतिनिधी - मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे येथील पोलीस ठाणे हे राज्यातील शेकडो ग्रामीण ठाण्यांसारखेच. शेतीच्या बांधावरून झालेली भांडणे, चोऱ्या, रस्त्यावरचे अपघात आणि सणासुदीचा बंदोबस्त हाच अशा ठाण्यांचा रोजचा व्याप. पोलीस भरतीसाठी भल्या पहाटे धावण्याचा सराव करणारी तरुण मुले-मुली विदर्भातील गावोगावी दिसतात. खाकी वर्दीविषयीचे त्यांचे आकर्षण ज्या मोजक्या नावांभोवती घट्ट झाले आहे, त्यांत हेमंत कमलाकर करकरे यांचे नाव अग्रभागी आहे. बहुतेकांना ते आठवतात ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर शिरस्त्राण आणि चिलखत चढवताना. परंतु त्या काही क्षणांच्या चित्रणामागे २६ वर्षांची पोलीस सेवा होती. त्या सेवेचा स्वभाव समजून घेतल्याखेरीज त्या रात्रीचा अर्थही पुरता उलगडत नाही.

बुलडाणा जिल्ह्यातील मलकापूरवरून जाणारा मुंबई-हावडा लोहमार्ग पुढे अकोला, बडनेरामार्गे वर्ध्याला पोहोचतो. त्याच वर्ध्यात करकरे यांचे बालपण आणि शालेय शिक्षण झाले. या मार्गाचे दुसरे टोक म्हणजे मुंबईचे छत्रपती शिवाजी टर्मिनस. करकरे यांच्या आयुष्याचा अखेरचा अध्याय याच स्थानकात सुरू व्हावा, हा विलक्षण योगायोग होय.

वर्धा, नागपूर आणि खासगी नोकरी

हेमंत करकरे यांचा जन्म १२ डिसेंबर १९५४ चा. गांधीजींच्या सेवाग्राममुळे आणि विनोबांच्या पवनारमुळे वर्धा जिल्ह्याला एक वेगळे वळण लाभले होते. साधेपणा आणि सार्वजनिक कामाविषयीची आस्था ही तेथील मध्यमवर्गीय घरांत सहज रुजलेली मूल्ये होती. शालेय शिक्षणानंतर करकरे नागपूरला आले आणि विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९७५ मध्ये त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे २००२ मध्ये या महाविद्यालयाला राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा दर्जा मिळाला.

पदवीनंतर त्यांनी राष्ट्रीय उत्पादकता परिषदेत आणि नंतर हिंदुस्थान लिव्हर या कंपनीत नोकरी केली. त्या काळात अभियंत्याला अशी नोकरी मिळणे म्हणजे आयुष्याची चिंता मिटल्यासारखेच होते. तरीही त्यांनी स्पर्धा परीक्षेची वाट धरली. पदवीनंतर सात वर्षांनी, १९८२ च्या तुकडीतून, ते भारतीय पोलीस सेवेत दाखल झाले आणि त्यांना महाराष्ट्र हे राज्य मिळाले. हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीतील प्रशिक्षणानंतर त्यांनी जिल्हा पातळीवरील कामाला सुरुवात केली.

अभियंता पोलीस झाला, ही गोष्ट आज नवलाची राहिलेली नाही. त्या काळी मात्र तिचे अप्रूप होते. बिघडलेल्या यंत्राकडे पाहताना अभियंता आधी निष्कर्ष काढत नाही. तो एकेक भाग सुटा करून तपासतो. करकरे यांच्या पुढील तपासकामात ही शिस्त वारंवार दिसून येते.

चंद्रपूरचे जंगल

करकरे सेवेत आले त्याच १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. नक्षलवादी चळवळीने या पट्ट्यात पाय रोवण्याचा तोच काळ. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला करकरे चंद्रपूरचे पोलीस अधीक्षक झाले, तेव्हा कोळसा खाणी, कागद कारखाना आणि घनदाट जंगल असा हा जिल्हा पोलिसांच्या दृष्टीने अवघड मानला जाई. एकीकडे बंदुकीचे भय, दुसरीकडे वन खाते आणि ठेकेदार यांच्याविषयीची आदिवासींची जुनी तक्रार. अशा ठिकाणी केवळ बळाच्या जोरावर निभाव लागत नाही. गावकऱ्यांशी बोलण्याची तयारी असावी लागते.

याच काळात त्यांना एक अनोखा छंद जडला. जंगलात फिरताना सापडलेल्या वाळक्या फांद्या, मुळे आणि ओंडके ते घरी आणत आणि त्यांतून शिल्पे घडवीत. काष्ठशिल्पाच्या या प्रकारात लाकडाच्या मूळ आकारातच दडलेले रूप ओळखावे लागते. कलाकाराने आपली कल्पना त्यावर लादली, तर लाकडाचा स्वभावच नाहीसा होतो. त्यांनी घडवलेल्या अनेक शिल्पांची त्यांच्या मृत्यूनंतर वृत्तपत्रांतून दखल घेतली गेली, तेव्हा त्यांच्या व्यक्तिमत्त्वाची ही हळुवार बाजू अनेकांना प्रथमच कळली.

व्हिएन्ना ते मुंबई पोलीस मुख्यालय

पुढे केंद्र सरकारच्या परदेशी गुप्तवार्ता यंत्रणेत, म्हणजे ‘रॉ’मध्ये, त्यांची प्रतिनियुक्ती झाली. ऑस्ट्रियामध्ये त्यांनी सात वर्षे काम केले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि तेल निर्यातदार देशांच्या संघटनेचे मुख्यालय असलेले व्हिएन्ना हे जगाच्या घडामोडींचा कानोसा घेण्याचे महत्त्वाचे केंद्र. या कामाची जाहीर वाच्यता होत नाही आणि होऊही नये. पण माहितीचा एकेक धागा जुळवण्याची, तिची खातरजमा करण्याची आणि तोंड बंद ठेवण्याची सवय अशा कामातून अंगी बाणते.

महाराष्ट्रात परतल्यानंतर मुंबई पोलीस दलात सहआयुक्त (प्रशासन) या पदाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. हे पद वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकणारे नाही. बदल्या, रजा, निवासस्थाने, शिस्तभंगाची प्रकरणे आणि कल्याणकारी योजना असा त्याचा पसारा असतो. सुमारे ४० हजारांच्या दलातील शिपायाचे घरदार आणि त्याच्या कामाचे तास या गोष्टी याच टेबलावर येतात. शिपायापासून वरिष्ठापर्यंत सर्वांना आपलासा वाटणारा अधिकारी, अशी करकरे यांची प्रतिमा दलात होती.

दहशतवादविरोधी पथकाची धुरा

राज्याचे दहशतवादविरोधी पथक (एटीएस) २००४ मध्ये स्थापन झाले. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत झालेले साखळी स्फोट आणि त्याच वर्षी ८ सप्टेंबरला मालेगावात झालेले स्फोट यांमुळे या पथकावर कमालीचा ताण होता. जानेवारी २००८ मध्ये करकरे यांनी पथकाची सूत्रे स्वीकारली. त्या पदावर त्यांना जेमतेम अकरा महिने मिळाले.

त्यांच्या कार्यकाळातील पहिले मोठे प्रकरण होते ते नाट्यगृहांतील बॉम्बचे. २० फेब्रुवारी २००८ रोजी पनवेलच्या चित्रपटगृहात स्फोट झाला. ३१ मे रोजी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला आणि ४ जून रोजी ठाण्याच्या गडकरी रंगायतनात स्फोट होऊन सात जण जखमी झाले. एका नाटकाला आणि एका चित्रपटाला असलेला विरोध हा या घटनांमागचा समान दुवा असल्याचा निष्कर्ष पथकाने काढला आणि एका हिंदुत्ववादी संस्थेशी संबंधित व्यक्तींना अटक केली. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने त्यांतील दोघांना दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली आणि इतर चौघांची मुक्तता केली.

मराठी मध्यमवर्ग ज्या रंगमंदिरांत शनिवार-रविवारची संध्याकाळ घालवतो, तेथेच बॉम्ब ठेवला जातो, हे अनेकांच्या पचनी पडणे कठीण होते. संशयित कोण असावेत, याविषयी समाजाच्या मनात आणि अनेकदा पोलीस दलातही ठरावीक साचे तयार झालेले असतात. करकरे यांच्या पथकाने तो साचा बाजूला ठेवला, हे या तपासाचे वैशिष्ट्य.

मालेगाव : एका दुचाकीचा माग

२९ सप्टेंबर २००८ रोजी, रमजानच्या अखेरच्या दिवसांत, मालेगावच्या भिकू चौकात रात्री स्फोट झाला. सहा जण मृत्युमुखी पडले आणि शंभराच्या आसपास जखमी झाले. स्फोटके एका एलएमएल फ्रीडम दुचाकीवर ठेवलेली होती, असे तपासात पुढे आले. दुचाकीवरील नोंदणी क्रमांक बनावट होता. इंजिन आणि सांगाड्यावरील क्रमांक खरवडून काढलेले होते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या मदतीने ते क्रमांक पुन्हा वाचण्याचा प्रयत्न झाला आणि त्याआधारे ही दुचाकी साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांच्या नावे असल्याचा दावा पथकाने केला. त्यांच्यासह लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित आणि इतरांना अटक झाली. सेवेतील लष्करी अधिकाऱ्याला दहशतवादाच्या आरोपाखाली अटक होण्याच्या या घटनेने देश ढवळून निघाला.

त्यानंतरचे काही आठवडे करकरे यांच्यासाठी अतिशय खडतर ठरले. तपासामागे राजकीय हेतू असल्याची टीका अनेक पक्ष आणि संघटनांनी केली. कोठडीत छळ झाल्याचे आरोप आरोपींनी केले. पथकाने ते फेटाळले. दुसरीकडे, या तपासाचे स्वागत करणाऱ्यांनी करकरे यांना आपल्या राजकारणाचे प्रतीक बनवण्याचा प्रयत्न केला. दोन्ही बाजूंच्या गदारोळात सर्वांत अवघड काम असते ते तपास अधिकाऱ्याचे, कारण त्याला सभेत उत्तर देता येत नाही. त्याचे उत्तर आरोपपत्रात असावे लागते. ते आरोपपत्र जानेवारी २००९ मध्ये दाखल झाले. ते पाहण्यास करकरे हयात नव्हते.

त्या रात्री

बुधवार, २६ नोव्हेंबर २००८. रात्री पावणेदहाच्या सुमारास करकरे दादरच्या घरी जेवायला बसले असताना छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार झाल्याची वार्ता दूरध्वनीवरून आली. जेवण अर्धवट टाकून ते निघाले. अजमल कसाब आणि अबू इस्माईल या दोघांनी लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी थांबलेल्या प्रवाशांवर बेछूट गोळ्या झाडल्या होत्या. त्या स्थानकात ५८ जणांचा बळी गेला. गावाकडे निघालेले मजूर आणि मुलाबाळांसह बसलेली कुटुंबे हीच त्या दालनातील गर्दी. विदर्भ, खानदेशाकडे येणाऱ्या गाड्याही याच स्थानकातून सुटतात.

स्थानकाबाहेर करकरे यांनी चिलखत आणि शिरस्त्राण चढवले. फलाटावर पोहोचेपर्यंत हल्लेखोर निघून गेले होते. ते शेजारच्या कामा रुग्णालयात शिरल्याचे कळताच करकरे तिकडे वळले. रुग्णालयाच्या मागील बाजूस अतिरिक्त आयुक्त अशोक कामटे आणि वरिष्ठ पोलीस निरीक्षक विजय साळसकर त्यांना येऊन मिळाले. आत, वरच्या मजल्यावर, अतिरिक्त आयुक्त सदानंद दाते जखमी अवस्थेत झुंज देत होते. करकरे यांनी नियंत्रण कक्षाकडे अधिक कुमक मागितली, रुग्णालयाला वेढा घालण्यास सांगितले आणि लष्कराला पाचारण करण्याची सूचना केली.

रुग्णालयाच्या पुढील बाजूस जाण्यासाठी तिघे अधिकारी आणि चार पोलीस एका क्वालिस गाडीत बसले. गाडी साळसकर चालवत होते. रंगभवनच्या गल्लीत दबा धरून बसलेल्या कसाब आणि इस्माईल यांनी गाडीवर गोळ्यांचा वर्षाव केला. पोलिसांनीही प्रत्युत्तर दिले आणि कसाबच्या हाताला गोळी लागली. परंतु करकरे, कामटे, साळसकर आणि तीन पोलीस यांना वीरमरण आले. मागे जखमी होऊन पडलेले अरुण जाधव तेवढे वाचले. हल्लेखोरांनी हीच गाडी पळवली, तेव्हा ते आपल्या सहकाऱ्यांच्या मृतदेहांखाली होते. टायर निकामी झाल्याने हल्लेखोरांनी ती गाडी सोडली, तेव्हा जाधव यांनी बिनतारी यंत्रणेवरून खबर दिली. पुढे गिरगाव चौपाटीजवळ सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी प्राणांची आहुती देऊन कसाबला जिवंत पकडून दिले.

करकरे यांचा ५४ वा वाढदिवस अवघ्या सोळा दिवसांवर होता. २९ नोव्हेंबर रोजी दादर येथे त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. २६ जानेवारी २००९ रोजी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र प्रदान करण्यात आले. पत्नी कविता करकरे यांनी ते राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते स्वीकारले. प्रतिभाताई यांनी मलकापूरच्या शेजारील एदलाबाद मतदारसंघाचे विधानसभेत दीर्घकाळ प्रतिनिधित्व केले होते.

मागे उरलेले प्रश्न

गौरवाबरोबर प्रश्नही आले. करकरे यांच्या अंगावरील चिलखत गहाळ झाल्याचे २००९ मध्ये उघड झाले. कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकाराचा आधार घेत याचा पाठपुरावा केला. अध्यापनाच्या क्षेत्रातील या महिलेने शासनाच्या दारी सहानुभूतीची याचना केली नाही. पोलिसांना मिळणारी साधने कोणत्या दर्जाची असतात, एवढाच त्यांचा प्रश्न होता. अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनीही नियंत्रण कक्षाच्या नोंदी मिळवून, अधिकारी गल्लीत पडलेले असताना मदत पोहोचण्यास विलंब का झाला, याचा जाब विचारला. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने २००९ मध्ये आपला अहवाल दिला. साधनसामग्री आणि समन्वयातील उणिवांची चर्चा त्यानंतर दीर्घकाळ चालू राहिली. राज्यात ‘फोर्स वन’ हे विशेष पथक उभे राहिले आणि केंद्रात राष्ट्रीय तपास यंत्रणेची (एनआयए) स्थापना झाली.

करकरे यांच्या मृत्यूबद्दल काहींनी शंकाही व्यक्त केल्या आणि निवडणुकांच्या हंगामात त्या पुन्हा पुन्हा डोके वर काढत राहिल्या. न्यायालयीन निर्णय मात्र सुस्पष्ट आहेत. विशेष न्यायालयाने मे २०१० मध्ये कसाबला फाशीची शिक्षा सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी ती कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात तिची अंमलबजावणी झाली. कविता करकरे यांचे २९ सप्टेंबर २०१४ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले. त्यांच्या मुलांनी आईचे अवयवदान केले. कन्या जुई करकरे-नवरे यांनी २०१९ मध्ये वडिलांच्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक लिहिले.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात प्रज्ञासिंह ठाकूर यांनी करकरे यांच्या मृत्यूचा संबंध आपल्या शापाशी जोडला. देशभरातील पोलीस अधिकाऱ्यांच्या संघटनेने त्याचा निषेध केला आणि चौफेर टीकेनंतर ठाकूर यांनी ते विधान मागे घेतले. हुतात्म्याचा गौरव करणारा समाज त्याच्या कामाविषयी मात्र एकमताचा नसतो, हे त्या निमित्ताने दिसून आले.

निकाल आणि त्याचा अर्थ

मालेगाव प्रकरणाचा तपास २०११ मध्ये एनआयएकडे गेला. या यंत्रणेने २०१६ मध्ये पुरवणी आरोपपत्र दाखल केले आणि पुढे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याची (मोक्का) कलमे न्यायालयाने वगळली. त्यामुळे त्या कायद्याखाली वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांसमोर नोंदवलेले कबुलीजबाब पुराव्यातून बाद झाले. सुनावणीत तीनशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले. त्यांतील तीसहून अधिक उलटले. अखेर ३१ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. दुचाकीवरील क्रमांक पूर्णपणे वाचता आले नव्हते आणि ती ठाकूर यांच्याच ताब्यात होती हे सिद्ध झाले नाही, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, ही या निकालाची दिशा. मृतांच्या कुटुंबीयांनी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली.

या निकालानंतर करकरे यांच्या तपासाविषयीची जुनी चर्चा पुन्हा सुरू झाली. तपासातील त्रुटींवर न्यायालयाने ठेवलेले बोट मान्य करावेच लागेल. हुतात्मा अधिकाऱ्याचा तपासही परीक्षेच्या पलीकडचा नसतो. परंतु ज्याने तपास सुरू केला, त्याला तो आठ-नऊ आठवडेच करता आला, हेही विसरून चालणार नाही. त्यानंतर सतरा वर्षे, दोन तपास यंत्रणा आणि बदलत गेलेले आरोप यांतून हे प्रकरण गेले. या साऱ्यात ज्या सहा जणांचे प्राण गेले, त्यांच्या घरच्यांना बॉम्ब कोणी ठेवला याचे उत्तर २०२५ च्या त्या निकालानेही मिळाले नाही. कोणत्याही तपासाचे खरे धनी ते असतात.

२६ नोव्हेंबरच्या खटल्याचा धागाही लांबतच गेला. कटातील आरोपी तहव्वुर राणा याला एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून भारतात आणण्यात आले. त्या वेळी तपास करणाऱ्या एनआयएच्या महासंचालकपदी होते कामा रुग्णालयात जखमी झालेले सदानंद दाते.

हेमंत करकरे यांच्या कारकिर्दीकडे पाहताना शौर्य आधी डोळ्यांत भरते, आणि ते योग्यच आहे. मात्र रोजच्या पोलीस कामाला शौर्याची गरज क्वचितच पडते. पंचनामा नीट लिहिणे, साक्षीदाराचे ऐकून घेणे, आरोपीचे नाव पाहून मत न बनवणे आणि दबाव आला तरी कागद न बदलणे, याची गरज दररोज पडते. भरतीच्या मैदानावर छातीचा घेर आणि धावण्याचा वेळ मोजता येतो, हे गुण मोजता येत नाहीत. धामणगाव बढेसारख्या ठाण्यात फिर्याद घेऊन आलेल्या शेतकऱ्याला नेमके त्यांचेच मोल असते. वर्ध्याच्या या अभियंत्याने शहराची रखवाली करताना प्राण दिले, हे त्याचे मोठेपण. त्याआधी २६ वर्षे तो पुराव्याच्या मागे चालत राहिला, हा त्याचा वारसा. दरवर्षी २६ नोव्हेंबरला त्याच्या प्रतिमेला पुष्पहार घालताना या वारशाचीही आठवण राहिली, तर ती खरी आदरांजली ठरेल.